तुम्ही विचारलंत म्हणून: फाटकाजवळचं ते निळं

सकाळी फिरायला निघालेली मंडळी आमच्या फाटकाशी थांबतात. "काकू, हे निळ्या फुलाचं झाड कोणत्या नर्सरीतून आणलं?" सांगितलं की दुसरा प्रश्न, जरा तक्रारीच्या सुरात: "आम्ही रोज पाणी घालतो, तरी आमच्याकडे असलं काही टिकत नाही." उत्तर त्या तक्रारीतच आहे, पण फाटकात उभ्या उभ्या तसं म्हटलं तर लोकांना राग येतो. म्हणून नीट लिहिते.

ती विष्णुक्रांता, आणि ती मी आणलेलीच नाही. घर बांधलं तेव्हा फाटकापासून पायरीपर्यंत मुरूम टाकला होता, वर सिमेंटचे गट्टू बसवायचे म्हणून. पैसे संपले, गट्टू राहिले. दुसऱ्या पावसाळ्यात त्या मुरमात जमिनीलगत पसरलेल्या, राखाडी लव असलेल्या काड्या दिसल्या. निंदायला येणाऱ्या बाईंनी खुरपं टेकवून विचारलं, "हे तन कायले ठेवता बाई? काढून टाकतो ना." मी हो म्हणणारच होते, पण सकाळचे आठ वाजले होते आणि फुलं उघडी होती. झबल्याच्या बटणाएवढं फूल, पण निळं असं की नजर हटत नाही. त्यांनी हेच दुपारी विचारलं असतं तर सगळं उपटलं गेलं असतं. ऊन चढलं की फूल मिटतं, मग मागे उरतं ते तणच दिसतं.

आपल्या ले-आऊटमध्ये बहुतेकांच्या अंगणात काळी माती आहे. पावसाळ्यात ती पाणी धरून फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. विष्णुक्रांतेला यातलं काहीच मानवत नाही. तिला हवा मुरूम, म्हणजे पाणी पडलं आणि निघून गेलं. आपल्याकडे वर्षाला हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस पडतो, पण बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात. उरलेले महिने ती जाड, लाकडासारख्या मुळावर काढते. काळी मातीच असेल तर मुरूम आणि रेती टाकून वीतभर उंचवटा करा. शेणखत अजिबात नको. मी एकदा लाडाने घातलं, तर पानं भरपूर आली आणि फुलं चार.

पाण्याचा धडा कूलरने दिला. कूलर धुतल्याचं पाणी ज्या कोपऱ्यात जायचं, तिथली रोपं महिन्याभरात कुजली. तीन हातांवरची, ज्यांना मे महिन्यात थेंब मिळाला नव्हता, ती नवतपा, म्हणजे मेअखेरचे नऊ भाजून काढणारे दिवस, काढून जूनमध्ये पुन्हा हिरवी झाली. उन्हाळ्यात ती वरून काडीसारखी वाळते. लोक घाबरून बादली ओततात. नका ओतू. नव्या रोपाला पहिला महिनाभर थोडं पाणी द्या, पुढे हिवाळ्यात आठ-दहा दिवसांनी एकदा पुरे.

आता माझा एक गाढवपणा. कोपऱ्यातली मेली तेव्हा मी शहराबाहेरच्या टेकाडावरून दोन रोपं खणून आणली. मूळ खाली कुठवर गेलंय ते कळेना, शेवटी तुटलंच. दोन्ही आठवड्यात गेली आणि टेकाडावर दोन खड्डे राहिले, ते वेगळंच. तेव्हापासून फक्त बी. फूल गेल्यावर इवलंसं गोल बोंड येतं, त्यात फार तर चार बिया. बोंड तपकिरी झालं की लगेच तोडायचं, नाहीतर उकलून बी मातीत जातं. बीचं कवच टणक असतं. दोन पॉलिश पेपरांमध्ये हलकं घासायचं, रात्रभर भिजवायचं आणि पहिल्या पावसानंतर जागेवरच पेरायचं. कुंडीतून उपटून हलवाल तर पुन्हा तोच मुळाचा घोळ.

नर्सरीचं म्हणाल तर तिथे विष्णुक्रांता मागितली की बहुधा 'ब्लू डेज' हातात देतात. भावकीतलीच, पण ब्राझीलची. फूल मोठं, दिसायला देखणं, आणि पाण्याची सवय लागलेली. कुंडीत लावा खुशाल. मुरमात सोडून गावाला जाऊ नका.

काही जण शंखपुष्पी समजून मुलांच्या परीक्षेसाठी पानं मागतात. मी देत नाही. शंखपुष्पी या एकाच नावाखाली निरनिराळ्या झाडांचा उल्लेख होतो, दक्षिणेत तर गोकर्णालाही म्हणतात. औषधाचं वैद्याला विचारा. नावाचीच हौस असेल तर एक गंमत सांगते. हिचं कूळ वेलांचं, पण ही कशालाच वेढे घालत नाही. लिनियसने म्हणूनच १७६२ मध्ये हिला 'इव्हॉल्व्ह्युलस', म्हणजे वेढे न घेणारी, असं नाव दिलं. आपल्याकडचं नाव मला जास्त पटतं: विष्णूचं पाऊल पडलेली. आमच्याकडे दूधवाल्याच्या स्कूटरचं चाकही पडतं.

यंदा मुलगा म्हणतो, आता तरी गट्टू बसवू. बरीच हुज्जत झाली. गाडीच्या दोन चाकांखाली गट्टू आणि मधला पट्टा मुरमाचाच, असं ठरलंय. बी हवं असेल तर दिवाळीनंतर या, येताना कागदाची पुडी आणा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बुरशी धरते.