तवशांचे दिवस

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. प्रश्न तोच असतो, विचारणारी बदलते. ओळखीतलं कुणीतरी माझा नंबर देतं, फोन येतो, दोन मिनिटं पावसापाण्याच्या गप्पा होतात आणि मग पलीकडून हळूच येतं, "तुम्ही घराबाहेर कशा पडायला लागलात? जिथे जावं तिथे पोटुशा बाया, बारशी, लहान मुलं. कसं सोसलंत?"

आमचं आधी थोडक्यात सांगते. लग्नानंतर सहा वर्षं मूल नाही. नळ्यांची तपासणी, इंजेक्शनं, दोनदा आयव्हीएफ. दुसऱ्या वेळी राहिलं. २०१८ च्या ऑगस्टचा पहिला आठवडा, मला चौतिसावा आठवडा चालू. रात्री जेवायला बसले तेव्हा लक्षात आलं की दुपारपासून पोटात काही हललेलंच नाही. सोनोग्राफी करताना डॉक्टर बराच वेळ बोलल्या नाहीत. मग कळा आणून, सगळ्यांची होते तशीच प्रसूती. मुलगी होती. तिसऱ्या दिवशी दूध आलं. त्या दिवसांबद्दल याहून जास्त मी फोनवरही सांगत नाही.

पहिल्यांदा बाहेर पडले ती चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या आधी. त्या वर्षी चवथ १३ सप्टेंबरला होती. आमच्याकडे साधीच करायचं ठरलं होतं, पण माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची फळाफुलांची चौकट, तर बांधायलाच हवी. सासूबाई म्हणाल्या, फोंड्याला बाजारात जाऊन येऊ, तेवढंच तुला वारं लागेल. कदंबात, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसमध्ये चढलो. बाळ गेलं तरी पोट लगेच जात नाही, हे आधी कुणी सांगत नाही. माझ्याकडे बघून एक बाई चटकन उठल्या. "बस गो बाय. कितवो म्हयनो?"

"आठवो," मी म्हटलं. शेवटी शेवटी हेच उत्तर देत होते, तेच तोंडातून आलं. बसले. सासूबाई फोंडा येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिल्या.

बाजारात कांगल्या, माट्टी, सुपारीची शिपटं, चिबूड आणि तवशांचे ढीग. त्या ढिगापाशी माझे पाय थांबले. तवसं म्हणजे पावसाळ्यातली आपली मोठी काकडी. तिला बघून कुणाला रडू येईल असं गोव्याबाहेरच्या माणसाला वाटणारही नाही. गोव्यातल्याला कळेल. तिसवाडी तालुक्यात तळावलीला सांत आनाचं चर्च आहे. सांत आना म्हणजे मारियेची आई, येशूची आजी. कित्येक वर्षं मूल नव्हतं आणि उतारवयात झालं, अशी तिची कथा. तिचं फेस्त, म्हणजे चर्चचा वार्षिक सण, जुलैअखेरीस येतं आणि अख्खा गोवा त्याला तवशाचं फेस्त म्हणतो, कारण मूल हवं असलेली जोडपी तिला तवसं वाहतात. पोर्तुगीजमध्ये काकडीला पेपिनो आणि लहान मुलाला मेनिनो. त्या यमकातूनच नवस तयार झाला असं सांगतात. लग्न जमत नसलेले पुरुष चमचा वाहतात, तिथेही असंच यमक आहे. (मला हे फार आवडतं. देवाशी बोलायचं तर निदान यमक तरी जुळवावं.) हिंदूही जातात. २०१७ च्या जुलैत सासूबाई मला घेऊन गेल्या होत्या. डिसेंबरात दिवस राहिले. डॉक्टरांनी त्याचं श्रेय औषधांना दिलं, सासूबाईंनी तवशाला. पुढच्या जुलैत मी पोट घेऊन घरी बसले होते आणि त्या एकट्या जाऊन आभाराचं तवसं ठेवून आल्या. त्यानंतर जेमतेम आठवडा गेला असेल.

तर त्या ढिगापाशी मी उभी. आणि मला ज्याने खरं हलवलं ते तवसं नव्हतं. सासूबाईंनी आधी तवशांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ती नजर. आपल्या तोंडावर काय उमटतंय ते बघायला कुणीतरी थांबलंय, हे कळलं की चेहरा आपला राहत नाही.

पुढची दोन-तीन वर्षं हेच पुन्हा पुन्हा कळत गेलं. मी एका बँकेत काउंटरवर असते. सुकन्या समृद्धीची खाती आमच्याकडे उघडली जातात. दहा वर्षांखालची मुलगी, जन्मदाखला, कमीत कमी अडीचशे रुपये. जन्मतारखेचा रकाना तपासणं हे माझंच काम. ऑगस्ट २०१८ ची पहिली तारीख समोर आली तेव्हा हात थोडा थरथरला, पण मी शिक्का मारला, त्या आईला पासबुक दिलं, मुलीचं नाव छान आहे म्हटलं. निभावलं, कारण तिला माझ्याबद्दल काही ठाऊक नव्हतं. त्यानंतर शेजारच्या टेबलावरची मैत्रीण येऊन हळूच म्हणाली, "अशी खाती आली की माझ्याकडे पाठव." तिच्या मनात मायाच होती. मला मात्र बाथरूममध्ये जाऊन दार लावावं लागलं.

म्हणून मी फोनवर सांगते की मुलं टाळत बसू नका, ते जमणारही नाही. शिशुवर्गाची बस येते, औषधाच्या दुकानात डायपरच्या थप्प्या असतात, जून उजाडला की दुकानांबाहेर लहानलहान रेनकोट टांगतात. सांजांवाला, म्हणजे संत योहानाच्या सणाला, २४ जूनला, पोरं डोक्यावर फुलांची कोपेल घालून विहिरीत उड्या मारतात. मी लहानपणापासून बघत आले होते. ती उडी म्हणजे मारिया भेटायला आली तेव्हा एलिझाबेथच्या पोटातल्या बाळाने, म्हणजे या योहानाने, मारलेली उडी, हे मला शेजारच्या मावशींनी नेमकं २०१९ मध्ये सांगितलं. असल्या गोष्टींची यादी करून त्यांच्यापासून लांब राहायचं म्हटलं तर गोवा सोडावा लागेल.

टाळायचीच तर बघे असलेली ठिकाणं टाळावीत. बारशाला मी जात नाही. आठ-दहा दिवसांनी एकटी जाते, बाळाला मांडीवर घेते, आईला खायला काहीतरी नेते. तिथे मी रडले तरी चालतं, एकदा बाळाची आईसुद्धा रडली. फुलं माळायच्या कार्यक्रमाला, म्हणजे डोहाळजेवणाला, बोलावलं तर जाते, पण दाराजवळ बसते आणि स्कूटरची चावी हातात ठेवते. दोन वेळाच उठावं लागलं. चावी हातात होती म्हणूनच बाकीच्या वेळी बसू शकले असेन.

पण न बोलावणं वेगळं. नात्यातल्या एकीच्या सातव्या महिन्यात घरातल्या सगळ्या बायका होत्या, मी नव्हते. मला फोटोंवरून कळलं. नंतर कुणीतरी म्हणालं, "तुला त्रास नको म्हणून." मला ते पटलं नाही, अजून पटत नाही. त्यात माझ्या त्रासाची काळजी थोडी होती आणि माझ्या नजरेची भीती बरीच होती. तुमच्या घरात अशी कुणी असेल तर तिला आधी एकटीला मेसेज करा, बातमी सांगा आणि लिहा की ये किंवा नको येऊस, दोन्ही चालेल. चारचौघांत पेढा हातावर ठेवून बातमी देऊ नका. एवढंच लागतं.

नवऱ्याला कुणी विचारत नाही. हळदीकुंकवाला ओटी भरताना कुणाचा हात त्याच्यापाशी अडखळत नाही. पण सिग्नलला पुढच्या गाडीच्या काचेवर ‘बेबी ऑन बोर्ड’ दिसलं की तो अजूनही लेन बदलतो. मी बघते आणि बघितलं नाही असं दाखवते.

आणि तो प्रश्न, "भुरगीं कितलीं?", मुलं किती, आपल्याकडे तिसऱ्या वाक्याला येतो. "नांत", नाहीत, म्हटलं की मी माझ्या मुलीला नाकारते असं वाटायचं, खरं सांगितलं की समोरच्या बाईचा चेहरा उतरायचा आणि तिचीच समजूत काढावी लागायची. याचा निकाल मला अगदी अनपेक्षित ठिकाणी मिळाला. माझी रजा मांडताना ऑफिसातल्या एकाने गर्भपाताचे सहा आठवडे धरले. नवरा कायदा छापून घेऊन गेला. तेव्हा लागू असलेल्या १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात गर्भपात म्हणजे सव्विसाव्या आठवड्यापर्यंतचा. त्यानंतरची ती प्रसूती. आणि ‘मूल’ या शब्दाच्या व्याख्येत मृत जन्मलेलं मूलही धरलेलं. सव्वीस आठवड्यांची रजा मिळाली, पण मी जपून ठेवला तो व्याख्येचा कागद. सरकारी भाषेतलं ते रुक्ष वाक्य एवढंच म्हणत होतं की मूल झालं. घरात हे तोवर कुणी उच्चारलं नव्हतं. तेव्हापासून बसमधल्या बाईला मी "नांत" सांगते आणि मला काही वाटत नाही. जिच्याशी पुन्हा बोलायचं आहे तिला सांगते, "एक झाली, राहिली नाही."

दर जुलैत सासूबाई अजून तळावलीला जातात. सुरुवातीला मला राग यायचा. एका वर्षी विचारलंच, आता काय मागता तिच्याकडे? त्या म्हणाल्या, "कांय ना गो. इतकीं वर्सां वतां, आतां वचूंक ना जाल्यार ती म्हणटली, भुरगें ना म्हूण रागार जाली." म्हणजे, काही नाही गं, इतकी वर्षं जाते, आता गेले नाही तर ती म्हणेल, मूल नाही म्हणून रागावली.

यंदा बाजारात त्यांच्याबरोबर मीच गेले. त्यांनी ढिगातून तवसं उचललं, नखाने साल दाबून पाहिली, माझ्याकडे न बघता बाजूला ठेवलं. कोवळं, हिरवं. मग आणखी एक काढलं, पिवळट, जाडजूड.

"हें जून. तवसळेक बरें." तवसळी म्हणजे तवसं किसून, गूळ घालून केलेला गोड केक.

दोन्ही मी पिशवीत टाकली. गूळ घरात होता, नारळ तेवढा घ्यायचा राहिला होता.