ऑझीला निरोप: ब्रॉड स्ट्रीटचा पूल आणि ॲस्टनचे घर

‘ब्लॅक सॅबथ’ या रॉक बॅन्डचा गायक ऑझी ऑस्बर्न गेल्याची बातमी २२ जुलै २०२५ च्या संध्याकाळी आली, तेव्हा मी लंडनमधल्या हॅरोच्या घरी भाजी निवडत बसलो होतो. ५ जुलैला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावर काळ्या सिंहासनावर बसून तो शेवटचा गायला, त्याला जेमतेम १७ दिवस झाले होते. त्या कार्यक्रमाचे तिकीट मला मिळाले नव्हते आणि त्याला प्रत्यक्ष ऐकण्याचा योग आयुष्यात एकदाही आला नाही, ही रुखरुख मनात होतीच. त्यामुळे ३० जुलैला, बुधवारी, दुपारी १ च्या सुमारास त्याची अंत्ययात्रा बर्मिंगहॅमच्या ब्रॉड स्ट्रीटवरून नेणार असल्याचे जाहीर झाले, त्याच दिवशी मी दोन दिवसांची रजा टाकली. पुण्यात कॉलेजात असताना ज्याच्या खोलीवर मी ‘ब्लिझर्ड ऑफ ऑझ’ या त्याच्या अल्बमची भरून घेतलेली कॅसेट पहिल्यांदा ऐकली, तो मित्र आता लेस्टरला असतो. त्याला फोन केला, तर त्याने पलीकडून एवढेच विचारले, “किती वाजता पोचतोस?”

आम्ही दोन दिवस काय पाहिले आणि पुढे जाणाऱ्यांनी काय ध्यानात ठेवावे, ते येथे सविस्तर लिहीत आहे. अंत्ययात्रा होऊन गेली असली तरी लोक ब्रॉड स्ट्रीटवरच्या, बॅन्डचे नाव दिलेल्या पुलावर जात राहतील, याबद्दल मला शंका नाही. मात्र बहुतेक जण पुलावर फूल ठेवून, फोटो काढून परततील अशी मला भीती वाटते आणि हा मजकूर लिहिण्याचे खरे कारण तेच आहे.

लंडनहून जाणाऱ्यांसाठी युस्टनहून न्यू स्ट्रीट स्थानकापर्यंतची गाडी सर्वांत सोयीची असून ती साधारण दीड तासात पोचवते. मेरिलबोनहून सुटणाऱ्या गाड्या थोडा जास्त वेळ घेतात, पण पुष्कळदा स्वस्त पडतात आणि त्या मूर स्ट्रीट स्थानकावर उतरवतात, जेथून न्यू स्ट्रीट पायी काही मिनिटांवर आहे. तिकीट जितके आधी काढाल तितके बरे. आम्ही उशिरा ठरवल्यामुळे जवळजवळ दुप्पट पैसे मोजले.

न्यू स्ट्रीट स्थानकाच्या आतच पहिला थांबा आहे. २०२२ च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेच्या उद्घाटनासाठी बनवलेला अजस्र यांत्रिक बैल आता तेथे उभा असतो आणि लोकांनी मत देऊन त्याचे नाव ‘ऑझी’ ठेवलेले आहे. त्याच्या पायाशी फुले होती, एक खेळण्यातले वटवाघूळ होते (मंचावर त्याने वटवाघळाचे डोके चावल्याचा किस्सा प्रसिद्ध आहे) आणि कामावर निघालेली माणसे क्षणभर थबकून पुढे जात होती. स्थानकाबाहेर पडले की लागूनच नेव्हिगेशन स्ट्रीटवर ‘ब्लॅक सॅबथ’च्या चौघांचे मोठे भित्तिचित्र आहे. ते जूनमध्ये, निरोपाच्या कार्यक्रमाच्या तोंडावर रंगवले होते, तेव्हा ते आनंदाचे चित्र होते. आता त्याच्याखाली मेणबत्त्या आणि चिठ्ठ्या ठेवलेल्या होत्या. या दोन जागा सकाळी लवकर पाहून घ्याव्यात, कारण दुपारनंतर त्या भागात गर्दी फार होते.

तेथून व्हिक्टोरिया स्क्वेअर आणि सेंटेनरी स्क्वेअर ओलांडून ब्रॉड स्ट्रीटवरच्या पुलापर्यंत चालत पंधरा-वीस मिनिटे लागतात. चालायचे नसेल तर ट्राम आहे आणि ब्रिंडलीप्लेसचा थांबा पुलाला अगदी जवळ पडतो. अंत्ययात्रेच्या दिवशी रस्ता वाहनांना बंद होता, त्यामुळे सगळेच चालत आले. हा पूल म्हणजे कालव्यावरचा साधा, रुंद रस्ता आहे. नकाशात न पाहता गेलात तर आपण पुलावर आहोत हे कळणारही नाही, इतका तो भोवतालच्या हॉटेलांत मिसळून गेला आहे. २०१९ मध्ये त्याला ‘ब्लॅक सॅबथ ब्रिज’ असे नाव दिले आणि ऑझी, टोनी आयॉमी, गीझर बटलर व बिल वॉर्ड या चौघांच्या चेहऱ्यांचे धातूचे बाक तेथे बसवले. याच रस्त्यावरच्या फरसबंदीत ताऱ्यांच्या आकाराची सन्मानचिन्हे आहेत. त्यांतला पहिला तारा २००७ मध्ये ऑझीलाच मिळाला.

आम्ही साडेनऊला पोचलो, तेव्हा बाकाभोवती फुलांचा ढीग गुडघ्यापर्यंत आला होता. मी तेथे बराच वेळ खाली वाकून चिठ्ठ्या वाचत राहिलो. एका चिठ्ठीत एका मुलीने लिहिले होते की तिच्या वडिलांनी तिला दुसरे काही दिले नसले तरी हे संगीत दिले आणि आता वडीलही नाहीत. ती चिठ्ठी बियरच्या रिकाम्या डब्याखाली, वाऱ्याने उडू नये म्हणून, नीट चेपून ठेवलेली होती. शेजारी एका जुन्या चामडी जाकिटाच्या पाठीवरून उसवलेले बॅन्डचे कापडी चिन्ह होते. त्याच्या कडेला अजून जुना दोरा लोंबत होता. ज्याने कुणी ते तीस-चाळीस वर्षे अंगावर वागवले असेल, त्याने ते घरी कात्रीने सोडवून येथे आणून ठेवले होते. मी त्या पुण्याच्या कॅसेटचा कागद नेला होता, ज्यावर मित्राच्या अक्षरात गाण्यांची नावे होती. त्याच्या मागे ‘तीस वर्षांच्या सोबतीबद्दल आभार’ असे मराठीत लिहून तो मी फुलांमध्ये सरकवला.

या संदर्भात काही गोष्टी आवर्जून सांगायच्या आहेत. चिठ्ठी ठेवायची असेल तर ती पारदर्शक प्लास्टिकच्या पाकिटात घालून न्यावी, कारण तेथील पावसाचा भरवसा नाही आणि शाई ओघळलेल्या कित्येक चिठ्ठ्या आम्ही पाहिल्या. फुलांवरचे प्लास्टिक काढून फुले ठेवावीत आणि ते वेष्टण आपल्या पिशवीत परत न्यावे. कालवा लगत असल्याने उडालेले सगळे पाण्यात जाते. पेटती मेणबत्ती कागदांजवळ ठेवू नये. बाकावर बसून फोटो काढायला हरकत नाही, पण मागे रांग असते आणि रांगेतले काही जण रडत असतात, याचे भान ठेवावे.

साडेअकरापर्यंत रस्त्याच्या दोन्ही कडा भरल्या. पुलाच्या तोंडाशी उभे राहण्याचा हट्ट आम्ही सोडला आणि थोडे अलीकडे, कठड्यालगत जागा धरली. माझ्या मते तोच निर्णय योग्य ठरला, कारण तेथून शववाहिका समोरून सावकाश जाताना दिसली. हेवी मेटल, म्हणजे हे जड गिटारींचे रॉक संगीत, ऐकणाऱ्यांना आपल्याकडे आणि तिकडेही जे हुल्लडबाज म्हटले जाते, ते ज्यांना खरे वाटते त्यांनी ते दीड तास तेथे उभे राहायला हवे होते. काळे टीशर्ट घातलेली, अंगभर गोंदलेली दणकट माणसे म्हाताऱ्यांना पुढे जागा करून देत होती. एका अनोळखी बाईंनी आम्हाला आपल्या बाटलीतले पाणी दिले. एका बापाने सहा-सात वर्षांच्या मुलाला खांद्यावर घेतले होते आणि त्या मुलाच्या कानावर मोठाले हेडफोन होते. मधूनच कुणीतरी ‘ऑझी, ऑझी, ऑझी’ असा पुकारा करी आणि सगळा रस्ता त्याला ‘ओय, ओय, ओय’ म्हणून उत्तर देई.

मग पितळी वाद्यांचा सूर ऐकू आला. शहरातलाच ‘बॉस्टिन ब्रास’ हा बँड शववाहिकेपुढे चालत होता आणि ते ‘ब्लॅक सॅबथ’चे ‘आयर्न मॅन’ हे गाणे वाजवत होते. जी धून मी आयुष्यभर गिटारच्या घरघरीत ऐकली, ती तुतारीच्या आणि ढोलाच्या अंगाने, चालण्याच्या लयीत आली, तेव्हा माझ्या घशात आवंढा दाटला आणि शेजारी उभ्या असलेल्या माझ्या मित्राने डोळ्यांवरचा चष्मा काढून हातात घेतला. आपल्याकडे बँड लग्नाच्या वरातीपुढेही वाजतो आणि काही गावांत अंत्ययात्रेपुढेही वाजतो, त्यामुळे ते आम्हाला परके वाटले नाही. शववाहिकेच्या काचेतून जांभळ्या फुलांत लिहिलेले त्याचे नाव दिसत होते. पुलाजवळ गाड्या थांबल्या, त्याची पत्नी शॅरन आणि मुले उतरली, त्यांनी फुलांच्या राशीपाशी उभे राहून चिठ्ठ्या पाहिल्या, स्वतःची फुले ठेवली आणि गर्दीकडे वळून दोन बोटे उंचावून शांततेची खूण केली. शॅरन रडत होत्या. हे सगळे काही मिनिटांतच आटोपले. गाड्या निघून गेल्यावरही कितीतरी वेळ कुणी जागचे हलले नाही.

दुपारी आम्ही बर्मिंगहॅम म्युझियम अँड आर्ट गॅलरीत गेलो. जूनच्या अखेरीस तेथे ऑझीच्या कारकिर्दीचे प्रदर्शन सुरू झाले होते आणि तो गेल्यानंतर तेथेच शोकवही ठेवली गेली. सोनेरी तबकड्या, ग्रॅमी पुरस्कार, छायाचित्रे असे सगळे पाहिले, पण मला वहीपाशीच जास्त वेळ थांबावेसे वाटले. प्रवेश विनामूल्य होता. संग्रहालय आठवड्याचे सगळे दिवस उघडे असेलच असे धरून चालू नये आणि अशी प्रदर्शने बदलत असतात, म्हणून वेळा आधी पाहूनच जावे. न्यू स्ट्रीट स्थानकाच्या बाजूला स्टेशन स्ट्रीटवर ‘द क्राउन’ हा बंद पडलेला पब आहे, ज्याच्या माडीवर बॅन्डचे सुरुवातीचे कार्यक्रम झाले. तो बाहेरूनच पाहता येतो आणि पाच मिनिटे पुरतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ॲस्टनला, म्हणजे ऑझी जेथे वाढला त्या बर्मिंगहॅमच्या भागात गेलो. न्यू स्ट्रीटहून लोकलने ॲस्टन किंवा विटन स्थानकावर उतरावे. दोन्हींवरून व्हिला पार्क चालत गाठता येते. आधी मैदानाला बाहेरून फेरी मारावी. ५ जुलैला याच ठिकाणी चाळीस हजारांहून अधिक लोकांसमोर बॅन्डचे मूळ चौघे २००५ नंतर प्रथमच एकत्र वाजवायला उभे राहिले आणि ‘पॅरनॉइड’ या गाण्याने त्यांनी शेवट केला. पार्किन्सन्सच्या आजारामुळे ऑझीला उभे राहता येत नव्हते, तरी खुर्चीत बसून टाळ्या वाजवत तो लोकांना उठवत होता. त्या कार्यक्रमाचे पैसे पार्किन्सन्सवरच्या संशोधनासाठी आणि मुलांच्या रुग्णालयासाठी व शुश्रूषागृहासाठी होते, हे त्याला मानणाऱ्यांनी इतरांना सांगत राहिले पाहिजे.

मैदानापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर लॉज रोड आहे आणि १४ क्रमांकाचे घर हे त्याच्या लहानपणचे घर. लाल विटांच्या, एकमेकांना चिकटलेल्या घरांची ती ओळ पाहून आम्हा दोघांनाही गिरणगावातल्या चाळींची आठवण झाली. घरे वेगळी आहेत, पण पाळीवर जाणाऱ्या माणसांच्या वस्तीला एक सारखेपणा असतो. वडील कारखान्यात हत्यारे घडवत, आई लुकास कंपनीत कामाला होती आणि त्या छोट्याशा घरात सहा भावंडे वाढली. ऑझी स्वतः मोटारींचे हॉर्न सुरात लावण्याच्या कामावर होता, पुढे कत्तलखान्यात होता आणि घरफोडीपायी विन्सन ग्रीनच्या तुरुंगात सहा आठवडे राहून आला. पत्रा कापण्याच्या कारखान्यात, कामाच्या शेवटच्या दिवशी, बॅन्डचा गिटारवादक टोनी आयॉमी याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची पेरे यंत्रात गेली. तो डावखुरा असल्याने तारा दाबण्याचीच ती बोटे होती. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, हलक्या तारा लावल्या आणि पुढे त्या सैल करून सूर खाली उतरवला. तो जड, खर्जातला आवाज पुढे जगभर हेवी मेटल म्हणून ओळखला गेला. पुलावर हे कळत नाही, ते येथे, या अरुंद रस्त्यावर उभे राहिल्यावर कळते. म्हणून माझी प्रत्येकाला कळकळीची विनंती आहे की ब्रॉड स्ट्रीटवरून परत फिरू नका, अर्धा दिवस ॲस्टनसाठी ठेवा.

येथे मात्र वागण्याची फार काळजी घ्यावी. ते कुणाचे तरी राहते घर आहे. दार वाजवू नये, खिडकीतून डोकावू नये, मोठ्याने गाणी लावू नयेत आणि दोघा-चौघांनीच जावे. गाडी घेऊन जाऊ नये, कारण रहिवाशांनाच जागा अपुरी पडते. या भागात आता पाकिस्तानी आणि बांगलादेशी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात, त्यामुळे हिंदी बोलता येणाऱ्याला अडचण येत नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात पाणी घ्यायला शिरलो, तेव्हा दुकानदार चाचांनी आमच्या टीशर्टांकडे पाहून विचारले, “ऑझीचं घर बघायला आलात ना?” त्यांनी पैसे घेतले नाहीत. त्यांनी त्याचे एकही गाणे ऐकलेले नव्हते. “पण या मोहल्ल्यातला पोरगा होता तो,” एवढे म्हणून त्यांनी आम्हाला हाताने रस्ता दाखवला.

त्याच दिवशी बकिंगहॅमशायरमध्ये घरच्यांच्या उपस्थितीत त्याचा अंत्यविधी होणार होता. आम्ही घरासमोरच्या पदपथावर दहा-बारा मिनिटे काही न बोलता उभे राहिलो. समोरच्या दारातून एक मुलगा दप्तराएवढी फुटबॉलची पिशवी घेऊन बाहेर आला, आमच्याकडे पाहून त्याने दोन बोटांची शिंगे, म्हणजे हेवी मेटलवाल्यांची खूण, करून दाखवली आणि तो मैदानाच्या दिशेने पळत गेला.