लाफायेट की अमेरिकन?

डेट्रॉइटच्या डाउनटाउनमध्ये वेस्ट लाफायेट रस्त्यावर दोन कोनी आयलंड, म्हणजे चिली घातलेल्या हॉटडॉगची खाणावळं, एकमेकांना खेटून उभी आहेत. कोपऱ्यावर अमेरिकन, त्याला लागून लाफायेट. इथे जन्मलेला माणूस यातल्या एकाचा असतो आणि दुसऱ्याची पायरी चढत नाही. ऑफिसातला माझा एक सहकारी अमेरिकनमध्ये आयुष्यात गेलेला नाही, पण तिथली चिली किती फिकी आहे यावर जेवणाची अख्खी सुट्टी बोलू शकतो. मी पडलो बाहेरचा. मला दोन्ही दारं उघडी. पण मत विचारलंत तर लाफायेट.

ज्यांनी कोनी खाल्लेलं नाही त्यांच्यासाठी: वाफेवर मऊ केलेला बन, त्यात नैसर्गिक आतड्याच्या आवरणातला हॉटडॉग, वर बीन्स नसलेली चिली, म्हणजे खिम्याचा मसालेदार रस्सा, पिवळ्या मस्टर्डची रेघ आणि भरपूर चिरलेला कच्चा कांदा. झालं. केचप मागू नका, शेजारचं टेबल वळून बघतं. नाव न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवरून आलं असलं तरी पदार्थ मिशिगनचा, आणि तो इथे रुजवला ग्रीक लोकांनी. त्यातलेच एक गस्ट केरॉस. अमेरिकन १९१७ सालचं, त्यांनी काढलेलं. शेजारचं लाफायेट त्यांच्या भावाचं, बिल यांचं. भावाभावांत नेमकं काय बिनसलं याच्या जितकी तोंडं तितक्या कथा ऐकायला मिळतात, आणि प्रत्येक सांगणारा जणू तेव्हा भिंतीआड उभा होता. पुढचं मात्र पक्कं आहे. अमेरिकन आजही केरॉस घराण्याकडेच आहे, लाफायेट १९९१ मध्ये तिथल्याच कामगारांनी विकत घेतलं. म्हणजे भाऊबंदकी संपून तीसेक वर्षं झाली, भांडण तेवढं गिऱ्हाइकांनी पुढे चालू ठेवलंय.

गेल्या उन्हाळ्यात भाचा आला होता. त्याला आधी एकीकडे, मग दुसरीकडे नेलं, तर म्हणाला, "मामा, सारखंच तर लागतंय!" मग दोन्हीकडून एकेक कोनी बांधून घेतलं आणि दोन्ही दारांच्या मध्ये, फुटपाथवर उभं राहून आलटून पालटून खायला लावलं. कोनीची परीक्षा अशीच घ्यावी. एक खाऊन अर्ध्या तासाने दुसरं खाल्लं की पहिल्याची चव कांद्याने पुसलेली असते.

तिसऱ्या घासाला तो गप्प झाला. लाफायेटच्या हॉटडॉगचं आवरण दाताखाली टच्चकन फुटतं, अमेरिकनचं थोडं नरम. चिली म्हणजे मिसळीचा कट समजा, सगळा खेळ तिच्यावर. लाफायेटची जरा दाट, जिऱ्याचा वास पुढे, मांसाची चव मागे रेंगाळणारी. अमेरिकनची जास्त गुळगुळीत, मसाला बेताचा, कोणालाच न दुखावणारी. कांदाही लाफायेटवाले हात सैल सोडून टाकतात. माझ्या जिभेला हे एवढं पुरतं. भाच्याने शेवटी अमेरिकनला मत दिलं, तो भाग वेगळा. तिखट नाकातोंडातून निघेपर्यंत खाणाऱ्या घरातल्या पोराने बेताच्या मसाल्याची बाजू घ्यावी, याला काय म्हणायचं?

लाफायेटची जागा अरुंद, जुनाट. टेबलं इतकी जवळ की शेजाऱ्याच्या घटस्फोटाची हकीकत आपसूक कळते. पण तिथला वेटर पाहावा. ऑर्डर कागदावर लिहीत नाही. "टू, एव्हरीथिंग, वन लूज" असं काउंटरकडे ओरडतो आणि थोड्याच वेळात मनगटापासून कोपरापर्यंत भरलेल्या बश्या रचून येतो, दुसऱ्या हातात पेयाचे ग्लास. प्रत्येक बशी बरोबर माणसापुढे. 'एव्हरीथिंग' म्हणजे चिली, मस्टर्ड, कांदा सगळं घातलेलं. 'लूज' म्हणजे हॉटडॉगच्या जागी बनमध्ये मोकळा परतलेला खिमा, वर तीच चिली. तेही एकदा खाऊन बघा. सोबत व्हर्नर्स घ्या. हे आल्याचं पेयही डेट्रॉइटचंच, आणि ते इतकं फसफसतं की पहिल्या घोटाला ठसका लागायचाच.

अमेरिकन प्रशस्त, लख्ख, लाल-पांढऱ्या-निळ्या रंगात न्हालेलं. बेसबॉलची मॅच सुटली की टायगर्सच्या टोप्यांनी भरून जातं. तिथे ग्रीक सॅलड आणि बाकीचंही बरंच काही मिळतं, आणि आमच्या घराच्या दृष्टीने हा मुद्दा मोठा आहे. कोनीची चिली बीफची असते. बायको बीफ खात नाही, त्यामुळे लाफायेटमध्ये तिच्यासाठी साध्या फ्राइज सोडून फारसं काही उरत नाही, आणि फ्राइज चिलीशिवाय हव्यात हे दोनदा बजावून सांगावं लागतं. म्हणून सहकुटुंब गेलो की अमेरिकन, एकटा असलो की लाफायेट. याला कोणी गद्दारी म्हणत असेल तर खुशाल म्हणावं. त्या सहकाऱ्याने तर तोंडावर म्हटलंय.

पार्सल मात्र दोन्हीकडून घेऊ नका. फुटपाथपर्यंत ठीक, पण ट्रॉयला, म्हणजे उपनगरात, घरी पोचेस्तोवर चिली बनमध्ये मुरते, बनचा लगदा होतो, आणि कांद्याचा वास गाडीत आठवडाभर मुक्कामाला राहतो.