पहिल्याच थेंबाला लाल

लॅबमध्ये दुपारची ड्युटी होती आणि वॉर्डातून लघवीचं एक सँपल आलं, सोडियम, पोटॅशियम आणि क्लोराइड. आता लघवीतलं क्लोराइड सहसा कोणी मागतच नाही, मला याचं खरंच वाईट वाटतं. पेशंट तरुण मुलगी, रक्तातलं पोटॅशियम २.३ म्हणजे फारच कमी, बायकार्बोनेट (आम्लाच्या उलटा क्षार) ३८ म्हणजे जास्त, बीपी नॉर्मल, उलट्या होतात का विचारलं तर नाही म्हणाली होती, त्यामुळे वॉर्डात गिटेलमनची, म्हणजे किडनीतच जन्मापासून दोष असल्याची शंका चालू होती.

सँपल लावलं. सोडियम ५८, पोटॅशियम ४६, आणि क्लोराइडच्या जागी आकडाच नाही, नुसता फ्लॅग, म्हणजे इशाऱ्याची खूण, मशीनच्या २० च्या खालच्या मर्यादेपेक्षा कमी. एरवी मिठातले हे दोघं बरोबरच जातात, मग सोडियम ५८ असताना क्लोराइड २० च्या खाली कसं? आधी क्लोराइड मोजणाऱ्या इलेक्ट्रोडवरच संशय आला, कंट्रोल, म्हणजे आकडा आधीच माहीत असलेलं सँपल, लावला तो बरोबर, सँपल परत लावलं तर परत तेच, मग कोणी पाणी मिसळलंय का म्हणून क्रिएटिनिन केलं तर ते १४० मिलिग्रॅम, म्हणजे लघवी चांगली घट्ट होती. पट्टीवर पीएच ८, म्हणजे आम्ल नाही, अल्कली.

मग लघवीतलं क्लोराइड हातानं मोजायची जुनी फँटस टेस्ट आठवली. १० थेंब लघवी, १ थेंब पोटॅशियम क्रोमेट, आणि वरून २.९ टक्के सिल्व्हर नायट्रेट थेंब थेंब मोजत टाकायचं. क्लोराइड आहे तोवर चांदी त्याच्याशी जुळून पांढरा साका होतो, ते संपलं की विटकरी लाल रंग येतो, जितके थेंब तितके ग्रॅम मीठ लिटरला. एरवी सात-आठ थेंब तरी लागतात, इथे पहिल्याच थेंबाला लाल!

लगेच वॉर्डात फोन केला, डॉक्टर मॅडमना म्हटलं आकडा खरा आहे, मी दोन पद्धतींनी बघितलाय. त्या क्षणभर गप्प झाल्या आणि म्हणाल्या, ताई, मग ही किडनी नाही, ही उलटीच आहे. उलटीत पोटातलं आम्ल आणि क्लोराइड जातं, रक्तात बायकार्बोनेट साचतं, ते लघवीतून जाताना सोडियम पोटॅशियमला ओढून नेतं म्हणून सोडियम फसवतं, पण क्लोराइड मात्र किडनी घट्ट धरून ठेवते. गिटेलमन असता तर ते ४० च्या वर सहज आलं असतं.

संध्याकाळी मॅडमनी खोलीतल्या सगळ्यांना बाहेर पाठवून, न रागावता, तिला परत विचारलं. ती खूप रडली म्हणे. कित्येक महिने जेवणानंतर लपून उलटी काढत होती, घरात कोणालाच माहीत नव्हतं.

सलाइन आणि पोटॅशियम सुरू झालं, मानसोपचारवाल्यांनाही बोलावलं. तिसऱ्या दिवशी तिचं सँपल परत आलं तेव्हा बाकीचं काम बाजूला ठेवून आधी तेच लावलं. क्लोराइड ७४.