गाबोळी नव्हती ती

मृग लागला की आमच्या चिपळूण भागात कॉलेजात हजेरी कमी आणि चढणीच्या माशांच्या गप्पा जास्त. त्या सकाळी प्रयोगशाळेतले परिचर काका प्लॅस्टिकची पिशवी घेऊनच आले.

"मॅडम, धरणाच्या काठाला गावला. जाळं पण लागलं नाय, हातानं उचलला. गाबोळीनं पोट बघा कसं तट्ट झालंय!"

मासा वीतभरही नव्हता. एरवी हा चंदेरी मासा बाजूंनी चपटा, सुरीच्या पात्यासारखा. याचं डोकं नि शेपटी तशीच सडपातळ, मधे मात्र बेडकाचं पोट. एका बाजूला लोंबतं, खवले फाकून मधली कातडी दिसणारं. बोटानं दाबलं तर आत काहीतरी सरकलं. गाबोळी, म्हणजे माशाची अंडी, अशी सरकत नाही.

बारीक कात्रीनं पोट उघडलं आणि फटीतून पांढरी फीत आपणहून बाहेर यायला लागली. जिवंत! एक नव्हे, दोन. सलाइनच्या बशीत त्या आखडत-पसरत राहिल्या. मासा 12 सेंटिमीटरचा, मोठी फीत 19.

जर्नलमध्ये तीनियाची, म्हणजे माणसाच्या आतड्यातल्या खंडाखंडांच्या फीतकृमीची, आकृती घोटलेल्या मुलींपैकी एकीनं लगेच विचारलं, "मॅडम, याला खंड कुठे आहेत?" चांगला प्रश्न. वरून खंड दिसत नाहीत, सरळ नाडीच. लक्षणं लिग्युला या फीतकृमीच्या अळीची होती. हिची अंडी पाणपक्ष्यांच्या विष्ठेतून पाण्यात पडतात. त्यातून निघालेली सूक्ष्म अळी सायक्लॉप्ससारखे पाण्यातले बारीक जीव गिळतात, त्यांना मासा खातो. मग ती माशाच्या आतड्यात न राहता पोटाच्या पोकळीत वाढत बसते. असा मासा बऱ्याचदा वर, उथळ पाण्यात रेंगाळतो आणि पक्ष्याच्या तोंडी जातो. पक्ष्याच्या पोटात ती थोड्याच दिवसांत प्रौढ होऊन अंडी घालते. काकांना मासा हातानं का सापडला, ते मला तिथे उमगलं.

युरोपातल्या काटेपाठ्या माशात हिची एक नातलग असते, शिस्टोसेफॅलस. तिचं वजन कधीकधी माशाच्या स्वतःच्या वजनाइतकं भरतं. आमच्या माशाची गत तेवढी वाईट नव्हती.

पण मला खरा धक्का बसला तो पुढे. फिती बाजूला केल्यावर गाबोळी शोधली. तिच्या जागी दोन बारीक दोरे, बस. लिग्युला माशाच्या मेंदूखालच्या पियुषिका ग्रंथीतून येणारी प्रजननाची संप्रेरकं दबवते, त्यामुळे अंडाशय वाढतच नाही. ऐन वलगणीत, म्हणजे मासे अंडी घालायला वर चढतात त्या दिवसांत, पोट एवढं मोठं, आणि आत एक अंडं नाही.

काका बराच वेळ बशीकडे बघत होते. "आपल्या पोटात जातं का हे?"

"नीट शिजवलं तर मरतं. आणि हिला राहायला पक्षी लागतो, काका. टिबुकली, पाणकावळा."

त्यांनी मान हलवली, पण चेहरा काही सुटला नाही. पाचच मिनिटांनी व्हरांड्यातून त्यांचा आवाज आला. फोन घरी लावला होता.

"अगो, ते दोन मासे अजून कालवणात टाकलं नाहीस ना? आधी पोट कापून बघ!"