तुम्ही विचारलंत म्हणून: गोळी झाडायची नाही, तर शांतिसेना जाते कशाला?

मी काँगो लोकशाही प्रजासत्ताकात, उत्तर किवू प्रांतात, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतल्या भारतीय ब्रिगेडबरोबर होतो हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला: 'बंडखोर शहरात घुसले तेव्हा तुमची शांतिसेना नुसती बघत का राहिली?' विचारणाऱ्याच्या मनात गोमा, त्या प्रांताची राजधानी, असतं. 20 नोव्हेंबर 2012 रोजी एम23 या बंडखोर गटाने ते घेतलं, तेव्हा संयुक्त राष्ट्रांचे जवान शहरातच होते. जानेवारी 2025 मध्ये पुन्हा तेच झालं.

गोळीला बंदी होती, हा पहिला गैरसमज. प्रत्येक जवानाच्या खिशात एक छोटं कार्ड असतं, बळ कधी आणि किती वापरायचं याचं. काँगोतल्या मोहिमेला संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या सातव्या प्रकरणाखाली, म्हणजे बळ वापरू देणाऱ्या प्रकरणाखाली, अधिकार आहेत. नागरिकांच्या जिवावर बेतलं असेल तर गोळी चालवता येते. 2012 मध्ये गोमा पडण्याआधी शांतिसेनेच्या लढाऊ हेलिकॉप्टरांनी एम23वर मारा केलाही होता. मात्र नागरिकांच्या रक्षणाचं काम सोपवणाऱ्या सुरक्षा परिषदेच्या ठरावात 'आपल्या क्षमतेनुसार' अशी पुस्ती असायची. सगळी गोम त्या पुस्तीत होती.

ही क्षमता म्हणजे काय, ते कंपनीच्या तळावर कळतं. आसपासच्या गावांत मुखिया, चर्चमधलं कुणी, एखादी बचतगट चालवणारी बाई अशा माणसांकडे आमचा नंबर असायचा. रात्री फोन यायचा: वरच्या अंगाला माणसं दिसलीत. दुभाषा झोपेतून उठून विचारायचा, किती? बंदुका कसल्या? पायात गमबूट की लष्करी बूट? कारण गणवेशावरून सरकारी सैनिक कोण आणि बंडखोर कोण, हे तिथे छातीठोकपणे सांगता येत नाही. मग चिखलाच्या रस्त्याने गाड्या काढायच्या. कधी वेळेत पोचायचो, कधी पोचेपर्यंत गाव रिकामं. बाजाराच्या दिवशी मात्र उजाडायच्या आत गस्त लावायचो. बाया डोक्यावर ओझी घेऊन गाडीच्या मागेपुढे चालायच्या, आणि तेवढ्या वाटेवर सहसा कुणी त्यांना हात लावत नसे. एकही गोळी न झाडता होणारं काम ते हेच, आणि माझ्या मते बरंचसं खरं काम तेवढंच.

आता गोमा. तिथे शांतिसेना काँगोच्या सरकारी फौजेला पाठबळ द्यायला होती, तिच्या जागी लढायला नव्हे. ती फौजच जवळच्या साके गावाच्या दिशेने निघून गेली. पुढे मिनोव्हा गावात पोचलेल्या त्याच फौजेतल्या सैनिकांनी बायकांवर सामूहिक अत्याचार केले. ज्यांना साथ द्यायची ते असे, आणि समोर एका शेजारी देशाच्या मदतीवर पोसलेला गट. रवांडाने ती मदत नेहमीच नाकारली, पण संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाने ती तपशीलवार मांडली होती. अशा वेळी भर शहरात लढाई पेटवायची का? त्या वेळच्या कमांडरांवर टीका करणं सोपं आहे. मी ती करणार नाही.

इथे कुणीतरी हमखास कॅप्टन गुरबचन सिंग सलारियांची आठवण काढतं. डिसेंबर 1961 मध्ये याच काँगोत, एलिझाबेथव्हिलमध्ये, लढताना त्यांना वीरमरण आलं आणि मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. 'तेव्हा लढले, मग आता का नाही?' लढले, कारण तेव्हा सुरक्षा परिषदेने काँगोतून फुटू पाहणाऱ्या काटांगा प्रांतातले भाडोत्री सैनिक हटवण्यासाठी बळ वापरण्याचा ठराव केला होता. हुकूम राजकारणातून येतो, शौर्य त्यानंतर.

2013 हे त्याचं उत्तम उदाहरण. मार्चमध्ये ठराव 2098 आला आणि दक्षिण आफ्रिका, टांझानिया, मलावी या तीन देशांची चढाई करणारी ब्रिगेड उभी राहिली. नोव्हेंबरात एम23चा पाडाव झाला. श्रेय ब्रिगेडला मिळालं, आणि ती लढलीही. पण त्याआधी अमेरिका, ब्रिटन, जर्मनी अशा देशांनी रवांडाला दिल्या जाणाऱ्या मदतीला कात्री लावली होती, आणि फेब्रुवारीत अदिस अबाबात अकरा देशांनी एकमेकांच्या बंडखोरांना थारा न देण्याचं कागदावर मान्य केलं होतं. मागचा दाणागोटा तुटला, म्हणून पुढची फळी कोसळली. रसद पाहिलेल्या कुणालाही यात नवल वाटणार नाही.

जानेवारी 2025 मध्ये ब्रिगेड होती, ठराव होते, शिवाय आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या देशांच्या विकास समुदायाची वेगळी फौज होती. नव्हता तो वेळेवर आलेला दबाव. गोमा पडलं. दक्षिण आफ्रिका, मलावी, उरुग्वे यांचे जवान मारले गेले. शस्त्रं टाकलेले शेकडो काँगोली सैनिक शांतिसेनेच्याच तळांवर आसऱ्याला आले आणि तिथेच अडकले. एप्रिलच्या अखेरीपासून रेडक्रॉसने त्यांना राजधानी किन्शासाकडे नेलं. रवांडाने माघार घ्यावी, असं सुरक्षा परिषदेने नाव घेऊन सांगितलं ते 21 फेब्रुवारीला, दक्षिण किवूची राजधानी बुकावूही गेल्यावर. जूनमध्ये वॉशिंग्टनला काँगो आणि रवांडा या दोन्ही देशांचा करार झाला, एम23शी बोलणी दोहात. त्या टेबलांवर शांतिसैनिकांचं निळं हेल्मेट कुठेच नव्हतं.

मग लोक म्हणतात, बंद करा मिशन. काँगोच्या सरकारनेही तेच म्हटलं होतं. जुलै 2022 मध्ये तिथल्या लोकांनी तळांवर मोर्चे नेले, आणि उत्तर किवूतल्या बुटेंबो शहरात आपल्या सीमा सुरक्षा दलाचे दोघे जवान आणि मोरोक्कोचा एक शांतिसैनिक मारले गेले. लोकांचा राग मला समजतो. गाव जळल्यावर पोचलेल्या गाडीकडे कुणी प्रेमाने बघत नाही. जून 2024 मध्ये दक्षिण किवूतून शांतिसेना निघाली. त्यानंतर पुढच्या माघारीची घाई किन्शासालाच राहिली नाही. उत्तर किवूच्या शेजारच्या इतुरी प्रांतात आजही हजारो विस्थापित तळाला लागून असलेल्या छावण्यांत राहतात. तो तळ उठला तर रात्री त्यांच्या आणि हल्लेखोरांच्या मध्ये कोण उभं राहणार, हे बंद करा म्हणणाऱ्यांपैकी कुणी मला अजून सांगितलेलं नाही.