उलाळ की धुरजड? कॅरॅव्हॅनचं वजन आणि आमची गाडी

गेल्या दिवाळीत नाशिकच्या एका कुटुंबाकडून एका ॲक्सलचा (म्हणजे दोनच चाकांचा), नोंदणी झालेला जुना कॅरॅव्हॅन ट्रेलर घेतला होता. तो आता आतून पूर्ण झाला. ओटा, पलंग, पाण्याची टाकी, बॅटरी, दिवे, सगळं जागेवर आहे. मुलुंडला आमच्या सोसायटीत उभा करायला जागा नाही, म्हणून भिवंडीला एका गोदामाच्या आवारात भाडं भरून ठेवला आहे आणि माझे रविवार तिकडेच जातात. गेल्या दोन महिन्यांत मात्र सुतारकाम नाही, वायरिंग नाही. फक्त वजनं केली. ती इथे सविस्तर लिहितो, कारण हे मला आधी कळलं असतं तर निम्मं फर्निचर वेगळं केलं असतं.

भेटेल तो विचारतो, "तुमची गाडी हे धूड ओढेल का?" ओढण्याचा हिशोब पाच मिनिटांत संपतो. वीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर चढणारा रस्ता धरा. तिथे १,००० किलोचा ट्रेलर सपाट रस्त्यापेक्षा साधारण ५० किलोची ओढ वाढवतो. लॅडर फ्रेमच्या, म्हणजे ट्रकसारख्या सांगाड्यावर बांधलेल्या, सात आसनी डिझेल गाडीला खालच्या गिअरमध्ये हे काही अवघड नाही. इंग्लंडातल्या कॅरॅव्हॅनवाल्यांचा एक जुना संकेत आहे: भरलेला ट्रेलर गाडीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवावा. माझ्या आरसीवर गाडीचं रिकामं वजन १,८६० किलो आहे, म्हणजे संकेतानुसार १,५८० किलोपर्यंत मुभा. माझा ट्रेलर भरून १,०८० किलो. खूश होऊन मी फाइल मिटणारच होतो.

(गाडीचं मॉडेल मुद्दाम लिहीत नाही. नाव वाचून आकडे उचलले जातात आणि त्याच मॉडेलच्या दुसऱ्या व्हेरियंटचे आकडे वेगळे असतात. तुमचे आकडे तुमच्या आरसीवर, गाडीवरच्या कंपनीच्या वजनाच्या प्लेटवर आणि मॅन्युअलमध्ये बघा.)

फाइल मिटली नाही ती बाबांमुळे. एका रविवारी ते माझ्याबरोबर भिवंडीला आले होते. ट्रेलर हिचवर, म्हणजे गाडीच्या मागच्या जोडणीवर, टेकवल्याबरोबर गाडीचं मागचं अंग खाली बसलं. बाबांचं लहानपण साताऱ्याकडचं, घरी बैलगाडी होती. जरा लांब जाऊन त्यांनी बाजूने पाहिलं आणि म्हणाले, "अरे, धुरजड झालीय ही. बैलाच्या मानेचा विचार केलास का?"

बैलगाडी भरताना ओझं मागे जास्त झालं की जू वर उचलतं, ती गाडी उलाळ. पुढे जास्त झालं की सगळा भार बैलांच्या मानेवर येतो, ती धुरजड. ट्रेलरच्या पुढच्या टोकाचा जो भार हिचच्या बॉलवर (गोळ्यावर) पडतो तो नेमका हाच. एका ॲक्सलचा ट्रेलर म्हणजे दोन चाकांची बैलगाडीच, आणि इथे बैल म्हणजे गाडीचा मागचा ॲक्सल. तेव्हापासून माझ्या वहीत हेच दोन शब्द आहेत.

पुढच्या रविवारी पहाटे बायपासजवळच्या ट्रकच्या वजनकाट्यावर गेलो. ट्रकची रांग लागायच्या आत पोहोचा, काटेवाल्याला आधी समजावून सांगा, तो मन लावून मदत करतो. काटा १० किलोच्या टप्प्याने दाखवतो, त्यामुळे शेवटच्या आकड्यावर भांडू नये. टाकी फुल, आम्ही चौघं आत, डिकीत आणि टपावर नेहमीचं सामान. आधी नुसती गाडी: पुढची चाकं १,१२०, मागची १,२१०, एकूण २,३३०. मग ट्रेलर जोडून, पण ट्रेलरची चाकं काट्याबाहेर ठेवून: पुढची १,०५०, मागची १,४५०, एकूण २,५००. शेवटी नुसती ट्रेलरची चाकं: ९१०.

म्हणजे हिचवर १७० किलो. गाडीची एकूण मर्यादा २,५२०, त्यात २० किलोंनी बसलो. पण मागच्या ॲक्सलची मर्यादा १,४३०, ती २० किलोंनी ओलांडली होती. आमच्या हिचला १२० किलो उभा भार चालतो, तोही केव्हाच मागे पडला.

भार १७० किलोंचा असताना मागचा ॲक्सल २४० किलोंनी का वाढला, हा प्रश्न मलाही पडला. हिच मागच्या ॲक्सलच्या १.१ मीटर मागे आहे आणि गाडीचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २.६८ मीटर. हा सीसॉ आहे. मागच्या टोकाला दाबलं की मागच्या चाकांवर पूर्ण भार येतोच, शिवाय पुढची चाकं ७० किलोंनी हलकी होतात आणि तेवढं वजनही मागे येऊन बसतं. पुढची चाकं हलकी म्हणजे स्टिअरिंग हलकं, ब्रेकची पकड कमी, आणि रात्री हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत.

दर वेळी काट्यावर जायला नको म्हणून घरचा उपाय. मजबूत फळीचं एक टोक विटेवर, दुसरं बाथरूमच्या वजनकाट्यावर, दोन्ही टेकूंत तीन फुटांचं अंतर. ट्रेलरचं नाक विटेपासून एका फुटावर फळीवर टेकवायचं. काट्यावर जे येईल, त्यातून आधी नोंदवलेला नुसत्या फळीचा आकडा वजा करून तिनाने गुणायचं. माझं आलं ५७, म्हणजे १७१. ट्रकच्या काट्याशी जुळलं तेव्हा जो आनंद झाला तो शब्दांत सांगता येत नाही. ट्रेलर सपाट जागी हवा आणि तो सरकू नये म्हणून त्याच्या चाकांना ठोकळे लावलेले हवेत, एवढं सांभाळा.

मग उलटतपासणी. एका ॲक्सलच्या ट्रेलरला भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार नाकावर असावा, असा अमेरिकेतला सर्वमान्य नियम; युरोपात त्याहून कमी ठेवतात. आमचा जवळजवळ १६. ट्रेलरच्या ॲक्सलपासून बॉलपर्यंतचं अंतर ३.२ मीटर. लेड ॲसिडची ५६ किलोची ट्युब्युलर बॅटरी मी ॲक्सलच्या २.२ मीटर पुढे बसवली होती. तिच्या जागी १३ किलोची लिथियम आली: वजन ४३ किलोंनी कमी, नाकावर ३०. साठ लिटरची टाकी १.६ मीटर पुढे होती, ती बरोबर ॲक्सलवर आणली: नाकावर आणखी ३० कमी. टाकी हलवण्याचं दुसरं कारणही आहे. पाणी जाताना भरलेलं आणि येताना संपलेलं असतं. टाकी ॲक्सलवर असली की समतोल दोन्ही वेळा तोच राहतो. पलंगाचा पाट मी १८ मिमीच्या प्लायचा केला होता. आठ बाय चारची ती एक शीट ३५ किलोंच्या आसपास भरते. ती काढून ॲल्युमिनियमच्या चौकटीवर पातळ प्लाय टाकला. आता ट्रेलर एकूण १,०१०, नाकावर ११०. गाडीचा मागचा ॲक्सल १,३६०, पुढचा १,०८०. सगळे आकडे मर्यादेत.

इथे एक चूक झाली, ती लिहितोच. धुरजडपणा गेला या समाधानात मी पुढच्या सहलीला मुलांच्या सायकली ट्रेलरच्या मागच्या स्टँडवर लावल्या आणि खुर्च्या, कनात मागच्या कपाटात कोंबली. नाकावरचा भार घसरून ६५ च्या आसपास आला, म्हणजे सहा टक्के. शिवाय जड वस्तू अगदी टोकाला. दोन्ही हातांत वजनं घेऊन हात पसरून फिरलं की थांबायला किती वेळ लागतो, तसंच ट्रेलरचं होतं. बायपासवर ताशी सत्तरच्या वेगात शेजारून एक कंटेनर गेला आणि ट्रेलरने शेपूट हलवायला सुरुवात केली. आरशात तो एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे दिसला. मी ॲक्सिलरेटर सोडला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं आणि फक्त ट्रेलरचे ब्रेक हाताने हळूच लावले. चार-पाच हेलकाव्यांत तो शांत झाला. मागे बसलेली धाकटी अजून त्या जागेवरून जाताना माझा खांदा धरते. सायकली आता ट्रेलरच्या आत, ॲक्सलच्या किंचित पुढे, आडव्या बांधतो. धुरजड गाडी बैलाला छळते. उलाळ गाडी माणसं घेऊन जाते, असं बाबा म्हणाले, ते आता मला पटवून द्यावं लागत नाही.

फक्त ट्रेलरचे ब्रेक लावता आले, कारण ते इलेक्ट्रिक आहेत. आधी ओव्हररन प्रकार घ्यायचं मनात होतं. त्यात गाडी मंदावली की ट्रेलर पुढे ढकलतो, कपलिंगचा दांडा आत सरकतो आणि ब्रेक लागतात. साधं, वायर नाही, गाडीत काही बसवायचं नाही. पण लांब उतारावर ट्रेलर सतत ढकलत राहतो, म्हणजे ब्रेक सतत थोडे लागलेले आणि ड्रम तापत राहतात. आम्हाला मुंबईतून कुठेही जायचं तर बहुतेक घाट आहेच. म्हणून ड्रममध्ये चुंबकवाले १२ व्होल्टचे ब्रेक, डॅशबोर्डखाली कंट्रोलर, आणि ट्रेलर सुटलाच तर स्वतःच्या छोट्या बॅटरीवर ब्रेक लावणारा ब्रेकअवे स्विच. एकूण खर्चात हा भाग सर्वांत जड गेला आणि त्यातला एक रुपयाही मला डाचत नाही. टायर किरकोळीत आटपले: ८८ लोड इंडेक्स म्हणजे एका टायरला ५६० किलो, माझ्या एका चाकावर ४५०.

कागदपत्रांचं एक वाक्य: मोटार वाहन कायदा, १९८८ च्या व्याख्येत ट्रेलर हासुद्धा मोटार वाहनच आहे, तेव्हा त्याची स्वतःची नोंदणी नसेल तर स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका.

खरी परीक्षा कसारा घाटात घेतली. त्याच डोंगरातून जाणाऱ्या थळ घाटाच्या रेल्वेमार्गावर चढ ३७ ला १. वर जाणाऱ्या गाड्यांना कसाऱ्याला मागून ढकलणारी बँकर इंजिनं लावतात, हे आपण लहानपणापासून खिडकीतून बघत आलो. पण त्याच मार्गावर कॅच सायडिंगही आहेत, उतारावर ब्रेक फेल झालेली गाडी वळवून थांबवायला. रेल्वेने चढाइतकीच काळजी उताराची केली आहे. आमचं गाडी आणि ट्रेलर मिळून ३,३४० किलो. इगतपुरीहून कसाऱ्यापर्यंत उंची साधारण ३०० मीटर उतरते. तेवढ्यात जी ऊर्जा बाहेर पडते ती पावणेतीन युनिट विजेइतकी. दोन किलोवॉटचा गिझर सव्वा तासाहून जास्त चालवला तर जेवढी उष्णता होईल तेवढी. काही हवा खाते, काही इंजिन. उरलेली सगळी ब्रेकमध्ये जाते.

म्हणून उताराच्या आधीच दुसरा गिअर टाकला, वेग ३५ च्या वर जाऊ दिला नाही, आणि ब्रेक दाबून ठेवण्याऐवजी मोजून दाबले, सोडले. मागच्या ट्रकवाल्याने दोनदा हॉर्न दिला. जागा मिळताच त्याला पुढे जाऊ दिलं. खाली पोहोचताच इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजलं. गाडीच्या पुढच्या डिस्क १४० अंश सेल्सिअस, ट्रेलरचा डावा ड्रम ९६, उजवा ६१.

वास नाही, धूर नाही, पेडल घट्ट. पण डाव्या-उजव्यात ३५ अंशांचा फरक मला मान्य नाही. उजवा ब्रेक कमी काम करतोय. एकतर ब्रेक शूचं ॲडजस्टमेंट सैल आहे किंवा चुंबकाच्या वायरचं अर्थिंग नीट नाही. रविवारी ट्रेलर जॅकवर घेऊन उजवं चाक उतरवतो आणि दोन्ही चुंबकांचा करंट वेगवेगळा मोजतो. बाबा येणार आहेत.